जिथे नियम पंचाकडे पाहतो

"मॅडम, लहान मुले आहेत, थोडे सांभाळून घ्या," हे वाक्य शालेय बेसबॉलच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी ऐकू येते आणि दोन्ही बाजूंना त्यातून अगदी उलट गोष्टी हव्या असतात. पिचर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या, मुलीच्या आईला वाटते की किंचित बाहेरून गेलेला चेंडू स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा, ठरवून द्यावा, कारण पोरगी कधीची उन्हात उभी राहून फेकते आहे. बॅटर मुलीच्या वडिलांना वाटते की गुडघ्याशी आलेला चेंडू स्ट्राइक देऊ नये, कारण इतका खालचा चेंडू एवढ्याशा मुलीने मारायचा तरी कसा. दोघांचीही माया खरी असते. परंतु पंचाला माया वाटत बसता येत नाही, कारण एकीला वाढलेले दुसरीच्या ताटातून काढलेले असते.

इंदुरात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून काम करताना सॉफ्टबॉल आणि बेसबॉलची पंचगिरी माझ्याकडे आली आणि नोकरी संपल्यावरही ती राहिली. या काळात मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न हाच, की मुलांच्या खेळात नियम सैल ठेवावा की घट्ट. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. नियमपुस्तकात काही जागा अशा आहेत जिथे नियम स्वतःहून थांबतो आणि पंचाकडे पाहतो: तुला काय दिसले, तुझा अंदाज काय? काही जागा अशा आहेत जिथे तो पंचाला काहीच विचारत नाही. पहिल्या प्रकारच्या जागी मुलांचे वय, उंची, सराव आणि मैदानाची अवस्था हिशेबात घेणे पंचाला भागच आहे. तसे केले नाही तर तो नियमच पाळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या जागी यातले काहीही हिशेबात घेणे म्हणजे समोरच्या मुलांवर अन्याय करणे. सगळी कसोटी आहे ती या दोन प्रकारच्या जागा वेगळ्या ओळखण्याची.

आमचे शहर क्रिकेटचे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि कर्नल सी. के. नायडूंचे नाव अजून इथल्या घराघरांत घेतले जाते. पंचांची परंपराही इथे आहे. नरेंद्र मेनन आंतरराष्ट्रीय पंच होते आणि त्यांचे चिरंजीव नितीन मेनन २०२० मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर गेले. त्यामुळे रामबागेतला किंवा लोकमान्य नगरातला पालक मुलीचा बेसबॉलचा सामना पाहायला आला, तरी पाहतो क्रिकेटच्याच नजरेने. पंच म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर गोलंदाजाच्या बाजूला ताठ उभा असलेला, अपील झाल्यावर विचार करून बोट वर करणारा माणूस येतो. बेसबॉलचा मुख्य पंच बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या मागे वाकून उभा असतो, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर संरक्षक कवच बांधून, आणि चेंडू त्याच्या दिशेने येतो. बॅटरने न मारलेल्या प्रत्येक चेंडूवर त्याला निकाल द्यावाच लागतो, कुणी विचारो वा न विचारो. शालेय सामन्यात डावांगणिक असे कितीतरी निकाल होतात, आणि त्यांतला कोणताही मुलींना किरकोळ वाटत नाही.

स्ट्राइक क्षेत्रापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण भांडणे तिथेच जास्त होतात. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभी राहते ती जमिनीवरची पाटी, १७ इंच रुंद असते. तिच्यावरच्या ठरावीक उंचीतून गेलेला चेंडू स्ट्राइक, आणि त्याबाहेरून गेलेला, न मारलेला चेंडू बॉल; तीन स्ट्राइकवर बॅटर बाद, चार बॉलवर तिला पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना शिवायच्या पहिल्या ठाण्यावर, फुकट जाता येते. मोठ्यांच्या नियमांत क्षेत्राची वरची मर्यादा खांद्यांचा वरचा भाग आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध असते, तर खालची मर्यादा गुडघ्याच्या वाटीखालच्या खोलगट भागाशी. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांसाठी सुरू केलेल्या लिटल लीगच्या नियमांत हे क्षेत्र काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत धरले जाते. तिथे लहान गटाचा पिचर ४६ फुटांवरून फेकतो, तर मोठ्यांच्या मैदानावर हे अंतर ६० फूट ६ इंच असते. दोन बेसमधले अंतरही ९० फुटांऐवजी ६० फूट. ताशी ६० मैल वेगाने आलेला चेंडू ४६ फूट जवळपास अर्ध्या सेकंदात ओलांडतो, आणि मोठ्यांच्या खेळात ताशी ९० मैलांच्या चेंडूला साडेसाठ फुटांसाठीही साधारण तेवढाच वेळ लागतो. मुलांचा खेळ संथ असतो, म्हणून पंचाचे काम सोपे असते, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

या क्षेत्राबद्दल दोन गोष्टी पालकांना, आणि पुष्कळदा प्रशिक्षकांनाही, माहीत नसतात. पहिली अशी की चेंडूचा कोणताही भाग क्षेत्राच्या कोणत्याही भागाला स्पर्श करून गेला तरी तो स्ट्राइक असतो. चेंडूचा व्यास तीन इंचांपेक्षा जरासाच कमी असल्याने प्लेटच्या दोन्ही कडांना ओझरते चेंडू धरले, तर १७ इंचांची पट्टी प्रत्यक्षात २३ इंचांच्या आसपास जाते. दुसरी गोष्ट अशी की हे क्षेत्र म्हणजे प्लेटच्या पाचही बाजूंवर उभा असलेला एक अदृश्य खांब आहे आणि चेंडू त्या खांबातून कुठून गेला एवढेच पाहायचे असते. कॅचरने तो कुठे पकडला याला नियमात काही किंमत नाही. चौदा वर्षांखालील मुलींचे चेंडू अनेकदा कमान घेऊन येतात. प्लेटच्या पुढच्या कडेवरून काखेच्या उंचीने आत शिरलेला चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंत पार गुडघ्याखाली उतरलेला असतो. तो स्ट्राइक आहे. कुंपणापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना मात्र तो गुडघ्याखालीच पकडलेला दिसतो, आणि "घुटने के नीचे थी, मॅडम!" असा आवाज उठतो. उलट, बाहेरचा चेंडू पकडून हातमोजा हळूच आत ओढणारी चलाख कॅचर असते, आणि तिच्या बाजूच्या लोकांना तो चेंडू मधोमध आल्यासारखा वाटतो. पंचाने हातमोज्याकडे पाहून निकाल दिला, तर तो कॅचरच्या कसबाला गुण देत असतो आणि पिचरच्या चेंडूला विसरत असतो.

उंचीचा प्रश्न मुलांच्या खेळात जितका ठळक होतो तितका मोठ्यांच्या खेळात होत नाही. एकाच संघात एकापाठोपाठ एक अशा दोन मुली येतात, की एकीची काख दुसरीच्या कमरेशी लागावी. क्षेत्र बॅटरगणिक बदलते हे पिचरला ठाऊक असते, पण हातात चेंडू असताना आठवत नाही, मग ती दोन्ही हात पसरून विचारते, "मॅडम, अभी तो यही स्ट्राइक थी!" व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्स संघाचे मालक बिल व्हेक यांनी तीन फूट सात इंच उंचीच्या एडी गेडेल यांना फलंदाजीला पाठवले होते. पाठीवर क्रमांक होता एक अष्टमांश. पंच एड हर्ली यांनी गेडेल यांचा करार मागवून पाहिला, तो वैध निघाला, आणि त्यांना खेळू दिले. पिचरला त्या चिमुकल्या क्षेत्रात एकही चेंडू टाकता आला नाही आणि गेडेल चार बॉलवर पहिल्या बेसवर गेले. लोक ही घटना करमणूक म्हणून सांगतात. मला तिच्यात हर्ली यांचे वागणे महत्त्वाचे वाटते: कागद तपासला आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराएवढेच क्षेत्र धरले. आमच्याकडे चार फुटांची मुलगी बॅट घेऊन येते तेव्हा तिलाही हाच न्याय मिळायला हवा.

तिने मुद्दाम वाकून क्षेत्र आणखी आक्रसवले, तर मात्र नियम तिच्या बाजूने राहत नाही. चेंडू मारताना बॅटर नेहमी जशी उभी राहते त्या पवित्र्यावरून पंचाने क्षेत्र ठरवायचे असते. काही प्रशिक्षक लहानखुऱ्या मुलींना दुमडून बसल्यासारखे उभे राहायला शिकवतात, म्हणजे चार बॉल होऊन फुकट बेस मिळेल. मला ही शिकवण आवडत नाही, आणि तिचा फायदाही मी होऊ देत नाही. त्या मुलीला मारायला शिकवलेलेच नसते, आणि पुढच्या वर्षी उंची वाढली की तिच्या हाती काहीच उरत नाही.

आता अवघड भाग. नवख्या मुलांच्या सामन्यात काटेकोर क्षेत्र ठेवले तर पिचर स्ट्राइक टाकूच शकत नाही, बॅटर एकामागून एक चालत बेसवर जातात आणि क्षेत्ररक्षक उभ्या उभ्या कंटाळतात. म्हणून लहान गटात पंच क्षेत्र थोडे मोठे धरतात, हे सगळीकडे चालते आणि त्यामागचा हेतूही चांगला असतो. माझे मत असे की नियमाने दिलेली सर्व जागा आधी पुरेपूर वापरावी: ओझरता चेंडू, काखेची वरची मर्यादा, प्लेटची मागची टोके. एवढे प्रामाणिकपणे दिले की क्षेत्र पुष्कळ मोठे होते आणि त्यापलीकडे जायची गरज क्वचित पडते. ज्या क्षणी पंच बॅटच्या पोहोचीबाहेरचा चेंडू स्ट्राइक देतो, त्या क्षणी तो मुलीला न मारण्याजोगा चेंडू मारायला लावतो, आणि ती पुढे प्रत्येक वाईट चेंडूवर बॅट फिरवते.

याहून अधिक जपावे लागते ते दयेपासून. व्यावसायिक सामन्यांतील चेंडूंच्या नोंदी अभ्यासणाऱ्यांना असे आढळले आहे की तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना पंचांचे क्षेत्र नकळत मोठे होते, आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना ते लहान होते. म्हणजे जो अडचणीत आहे त्याच्याकडे मन झुकते. वर्षानुवर्षे तालीम केलेल्या पंचांचे हे होते, तर समोर ओठ चावत उभी असलेली बारा वर्षांची मुलगी पाहून आमचे काय होत असेल? तिसरा स्ट्राइक मोठ्याने पुकारणे कठीण जाते. पण पिचरही बाराच वर्षांची असते, आणि तिने तो चेंडू बरोबर कडेवर टाकण्यासाठी घेतलेली मेहनत त्या क्षणी कुणालाच दिसत नसते. दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक लीगने २०२४ पासून बॉल-स्ट्राइकचा निकाल यंत्राकडे सोपवला आहे. यंत्राला दया येत नाही हे खरे, पण आमच्या मैदानांवर ते येण्याची शक्यता नाही, त्यामुळे ही शिस्त पंचाने स्वतःच्या मनालाच लावून घ्यावी लागते.

नियम पंचाकडे पाहतो याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला इनफील्ड फ्लायच्या नियमात दिसते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक आहेत, किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, आणि दोनपेक्षा कमी बाद झाले आहेत. अशा वेळी बॅटरने आतल्या भागात उंच, सोपा झेल उडवला, तर धावकांची कोंडी होते. झेल पकडला जाणार म्हणून ते बेस सोडत नाहीत, आणि क्षेत्ररक्षकाने तो मुद्दाम खाली पाडला तर मागून बॅटर येत असल्याने त्यांना सक्तीने धावावे लागते व एका चेंडूत दोघी सहज बाद होतात. ही लबाडी रोखण्यासाठी १८९० च्या दशकात नियम आला: असा झेल उडाला की पंचाने लगेच बॅटरला बाद पुकारायचे, झेल पुढे पकडला जावो वा सुटो. अट एवढीच की तो झेल आतल्या क्षेत्ररक्षकाला सामान्य प्रयत्नाने पकडता येण्याजोगा असावा.

हा सामान्य प्रयत्न कुणाचा? नियमपुस्तकाने त्याचे उत्तर दिले आहे आणि मला ते फार समंजस वाटते. त्या लीगमध्ये किंवा त्या श्रेणीत, त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूकडून जेवढी अपेक्षा करता येईल तेवढा प्रयत्न, आणि तोही मैदानाची व हवेची स्थिती ध्यानात घेऊन. म्हणजे मुलांना सांभाळून घ्या ही विनंती पालकांनी करण्याआधीच नियमाने स्वतःच्या पोटात घेतली आहे. मोठ्यांसाठी अगदी साधा असलेला झेल तेरा वर्षांच्या मुलीसाठी साधा नसेल, तर पंचाने इनफील्ड फ्लाय पुकारायचा नाही. इथे वय पाहणे हीच नियमाची अंमलबजावणी आहे.

मैदान आणि हवा या दोन शब्दांना आमच्या माळव्यात भरपूर अर्थ आहे. इथली काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्याकडे जाताना तिला भेगा पडतात. चुन्याच्या रेषा मारलेल्या त्याच मैदानात कधी ढेकूळ, कधी खड्डा असतो आणि मागे मागे सरकत झेलाखाली जाणाऱ्या मुलीचे डोळे आभाळाकडे असतात. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य खाली असतो. तिसऱ्या बेसवर उभी असलेली मुलगी त्या दिशेने वर पाहते तेव्हा चेंडू तिला दिसेनासा होतो. म्हणून मी सामन्याआधी दोन्ही संघांचा क्षेत्ररक्षणाचा सराव लक्ष देऊन पाहते. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) आणि दुसऱ्या बेसवरच्या मुली उंच झेल कसे घेतात, कुठल्या बाजूला अडखळतात, हे पाहून ठेवले की सामन्यात दोन सेकंदांत ठरवायचा प्रश्न थोडा आवाक्यात येतो. तरीही धोका राहतोच: मी पुकारले नाही आणि एखाद्या हुशार मुलीने झेल पाडून दोघींना बाद केले, तर ज्या लबाडीसाठी नियम जन्मला तीच माझ्या डोळ्यांदेखत घडते. म्हणून कसोटी त्या एका मुलीची न ठेवता त्या श्रेणीच्या सरासरीची ठेवायची, हे नियमाचे शहाणपण मला दर हंगामात नव्याने पटते. शिवाय पुकारा झाल्यावरही खेळ चालूच असतो हे मुलींना पुनःपुन्हा सांगावे लागते. पंच ओरडला की सगळ्या थांबतात, झेल पडतो, मग कुणीतरी "भाग, भाग!" म्हणते आणि जिला धावायची काहीही सक्ती नव्हती ती धावून बाद होते.

हा अंदाज मोठ्यांनाही किती सतावतो हे ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटात दिसले. ब्रेव्हज आणि कार्डिनल्स यांच्या बाद फेरीच्या सामन्यात आठव्या डावात एक झेल शॉर्टस्टॉपच्या मागे, डाव्या बाजूच्या बाह्य भागात चांगलाच आत पडला आणि पंच सॅम होलब्रुक यांनी इनफील्ड फ्लाय पुकारला. प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या, खेळ थांबला, ब्रेव्हजच्या व्यवस्थापकांनी अधिकृत निषेध नोंदवला. तो फेटाळला गेला, कारण प्रश्न पंचाच्या अंदाजाचा होता. अंदाजाविरुद्ध निषेध चालत नाही; नियम चुकीचा लावला असेल तरच चालतो. हा भेद आमच्या प्रशिक्षकांनी मुलांना शिकवावा असे मला कळकळीने वाटते. "चेंडू बाहेर होता" असे म्हणत पंचाकडे धावून येणाऱ्या प्रशिक्षकाला नियमात काही आधार नाही. "या परिस्थितीत धावकाला एक बेस मिळायला हवा, दोन नव्हे" असे म्हणत शांतपणे येणाऱ्याचे मात्र पंचाने ऐकलेच पाहिजे.

नियमाच्या हेतूविषयी बोलताना जाणकार मंडळी १९८३ चा डांबराचा किस्सा सांगतात. २४ जुलै १९८३ रोजी कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेट यांनी यँकीजविरुद्ध नवव्या डावात होम रन मारला. बॅटवर पकडीसाठी लावलेले चिकट डांबर दांड्याच्या टोकापासून १८ इंचांच्या पुढे गेल्याची तक्रार झाली. पंच टिम मॅक्लेलंड यांनी १७ इंचांच्या होम प्लेटवर बॅट आडवी ठेवून अंतर मोजले आणि ब्रेट यांना बाद दिले. पुढे अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅक्फेल यांनी रॉयल्सचा निषेध मान्य केला. त्यांचे म्हणणे असे होते की बॅट खेळातून काढायला हवी होती, पण डांबरामुळे चेंडू लांब जात नाही, आणि त्या नियमाचा हेतू होम रन रद्द करण्याचा नव्हता. उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळवला गेला आणि रॉयल्स ५-४ ने जिंकले. हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र त्याचा आधार घेऊन प्रत्येक पंचाने मैदानावर आपापला हेतू शोधू नये. हेतूचा निवाडा निषेध झाल्यावर, नियमपुस्तक समोर ठेवून, वेळ घेऊन झाला होता. आमच्या शालेय स्पर्धांत बॅटच्या वजनावरून किंवा बुटाच्या खिळ्यांवरून वाद होतो तेव्हा मी वस्तू बाजूला काढायला सांगते, मुलीला शिक्षा लागत नसेल तर लावत नाही, आणि बाकीचे तांत्रिक समितीकडे पाठवते.

ज्या जागी नियम पंचाला काहीच विचारत नाही, त्यांत सर्वांत वर मी पिचरच्या चेंडूंची मर्यादा ठेवते. लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्यांसाठी ८५, तेरा ते सोळा वर्षांच्यांसाठी ९५ चेंडू. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर चार दिवस विश्रांती. कारण अगदी उघड आहे: वाढत्या वयात कोपराजवळची आणि खांद्याजवळची हाडे ज्या भागातून वाढतात तो भाग कोवळा असतो आणि सतत जोराने फेकण्याचा ताण त्याला सोसत नाही. एखाद्या बॅटरसमोर असतानाच मर्यादा आली तर तेवढ्या बॅटरपुरते फेकता येते, ही सवलत नियमातच लिहिलेली आहे. तेवढी द्यायची, आणि त्यापुढे एकही चेंडू नाही.

ज्या स्पर्धेत अशी मर्यादा मान्य केलेली असते तिथेही शेवटच्या डावात विनंत्या सुरू होतात. सामना एका धावेवर असतो, संघात दुसरी पिचर नसते, मुलगी स्वतःच म्हणते की हात दुखत नाही. तिचे पालकही मान हलवतात. अशाच एका सामन्यात एका शाळेच्या प्रशिक्षकांनी मला सांगितले, "मॅडम, दोनच बॅटर राहिले आहेत, मुलीची इच्छा आहे, आपण कशाला आड यायचे?" मी गुणलेखकाच्या वहीतला आकडा त्यांना दाखवला आणि पिचर बदलायला सांगितले. तो संघ हरला आणि ती मुलगी डगआउटमध्ये बसून रडली. तिच्यासाठी मला वाईट वाटले, आजही वाटते, आणि तरीही त्या निकालात विचार करण्यासारखे काहीच नव्हते. मुलगी हो म्हणणारच. तिने हो म्हणू नये अशी अपेक्षा तिच्याकडून करता येत नाही, म्हणूनच ती मर्यादा मोठ्यांनी लिहून ठेवली आहे.

काही समजुतींबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यामुळे मुले विनाकारण दुखावतात. चेंडू आणि धावक एकाच वेळी पोहोचले तर धावकाला सेफ देतात, असा वेगळा नियम पुस्तकात नाही. पहिल्या बेसवर बॅटर पोहोचण्याआधी चेंडू आला का, एवढेच पंचाने पाहायचे असते. हात हा बॅटचाच भाग असतो, ही समजूत चूक आहे. अर्धवट फिरवलेल्या बॅटबाबत मनगट वळले की स्ट्राइक, असे सर्रास सांगितले जाते, पण नियमात मनगटाचा उल्लेखच नाही. बॅटरने चेंडू मारण्याचा प्रयत्न केला का, हा एकच प्रश्न आहे, आणि कॅचरने विनंती केली तर मुख्य पंच बाजूच्या पंचाला विचारतो.

यापेक्षा समजावायला कठीण आहे ते पंचाचे मौन. धावताना एखादीचा पाय बेसला लागला नाही आणि पंचाने ते पाहिले, तरी त्याने बोलायचे नसते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने लक्षात आणून दिले, चेंडू त्या बेसवर नेऊन अपील केले, तरच धावक बाद होते. फलंदाजीचा क्रम चुकवून भलतीच मुलगी बॅट घेऊन आली तरी पंचाने कुणाचे लक्ष वेधायचे नसते. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे खरे तर ओळखीचे असायला हवे, कारण तिथेही अपीलाशिवाय फलंदाज बाद दिला जात नाही. तरीही मुलांच्या सामन्यात हे मौन क्रूर वाटते. दुसऱ्या बेसला न शिवता वळसा घेऊन घरी आलेली एक मुलगी मला आठवते. धाव लागली, कुणी अपील केले नाही, पुढचा चेंडू पडला आणि प्रश्न कायमचा मिटला. सामना संपल्यावर हरलेल्या संघातल्या एका मुलीची आजी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पाहिलेत ना? मग सांगितले का नाही? लेकरांना कसे कळणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितले की मी एका संघाला बेसकडे बोट दाखवले असते, तर त्यांच्या बाजूने मीच क्षेत्ररक्षण केले असते. मैदानावर नजर ठेवणे हाही त्या मुलींच्या खेळाचाच भाग आहे. आजींचे समाधान झाले की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्या संघाच्या प्रशिक्षिकेने पुढच्या सरावापासून एका राखीव मुलीला फक्त धावकांचे पाय पाहायचे काम दिले.

चुकीच्या निकालाचे काय, हा प्रश्न उरतोच. २ जून २०१० रोजी डेट्रॉईटमध्ये अर्मांडो गॅलरागा यांनी सलग २६ बॅटर बाद केले होते आणि सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा, बाद झाला असता तर एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला दुर्मिळ सामना त्यांच्या नावावर लागला असता; पण तो पहिल्या बेसवर स्पष्टपणे बाद असताना पंच जिम जॉईस यांनी सेफ दिला. जॉईस यांनी चित्रफीत पाहिल्यावर चूक मान्य केली, गॅलरागा यांची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरागा यांनीच संघाची यादी जॉईस यांच्या हाती आणून दिली. निकाल बदलला नाही. मुलांना ही घटना सांगताना मी क्षमेवर थांबत नाही, जरी तिचे मोल मोठे आहे. मी त्यांना सांगते की निकाल दिल्यावर पंचाला दुसऱ्या पंचाची मदत घेता येते, पण ती त्याने स्वतःहून मागायची असते, खेळाडूंच्या ओरडण्यामुळे नव्हे. दोन पंचांच्या सामन्यात बाजूच्या पंचाला एकट्याने तीन बेस सांभाळायचे असतात आणि कधी कधी त्याच्या आणि खेळाच्या मध्ये एखाद्या क्षेत्ररक्षकाची पाठ येते. अशा वेळी दोघांनी एकत्र येऊन, मुलांच्या कानांपासून दूर, अर्धा मिनिट बोलावे आणि ज्याला स्पष्ट दिसले त्याचे धरावे. यात पंचाचा मान कमी होत नाही. आमच्या नव्या पंचांना हे पटवणे मात्र नियम पाठ करून घेण्यापेक्षा जड जाते.

या सगळ्यात माझी आयोजकांकडे एकच मागणी असते. सामन्याआधी होम प्लेटपाशी पंच आणि प्रशिक्षक यांची बैठक होते, संघांच्या याद्या दिल्या जातात आणि मैदानाचे स्थानिक नियम ठरतात. त्या बैठकीला दोन्ही कर्णधार मुलींना उभे करावे, आणि घाई करू नये. आमची मैदाने मूळची क्रिकेटची किंवा कुणाचीच नसलेली. उजव्या बाजूच्या बाह्य भागात क्रिकेटची खेळपट्टी दोरीने आखून ठेवलेली असते, मागे रोलर उभा असतो, एका कोपऱ्यात उघडे गटार असते. चेंडू उसळून गटारात गेला तर दोन बेस, दोरीखालून गेला तर दोन बेस, झाडाच्या फांदीला लागून आत पडला तर खेळ चालू की बंद, हे सगळे पहिल्या चेंडूच्या आधी ठरवावे लागते, कारण इथे पुस्तकाने मैदान पंचाच्या स्वाधीन केलेले असते. आज क्षेत्र काखेपर्यंत धरणार आहे, ओझरता चेंडू स्ट्राइक देणार आहे, हेही मी तिथेच सांगते. गेल्या हंगामात एका कर्णधार मुलीने बैठकीत विचारले की चेंडू रोलरखाली अडकला आणि त्यांच्या मुलीने हात घालून काढला, तर किती बेस. मी दोन म्हटले. समोरच्या कर्णधाराने हरकत घेतली, की हात पोहोचत असेल तर चेंडू अडकला असे म्हणायचेच कशाला. आम्ही चौघेजण रोलरपाशी चालत गेलो, चेंडू खाली सरकवून पाहिला, आणि ठरवले की क्षेत्ररक्षक मुलीने दोन्ही हात वर केले तरच दोन बेस, हात घातला तर खेळ चालू.